माळवद उतरवताना

आमच्याकडं जुनं घर पाडत नाहीत, उतरवतात. भिंत पाडतात, झाड पाडतात, पण माळवद उतरवायचं असतं. डोक्यावरचा भारा उतरवावा, बैलाच्या मानेवरचं जू उतरवावं, तसं. कामाची सगळी रीत त्या एका शब्दात आली. वरून सुरुवात करायची, एकेक थर खाली घ्यायचा, आणि खाली आलेल्या प्रत्येक जिनसेची पुढची जागा बहुतेक आधीच ठरलेली असायची.

लातूर, धाराशिव, सोलापूरच्या पट्ट्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांना माळवद म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. आधी लाकडाचा सांगाडा उभा राहायचा. दगडी बैठकीवर खांब, खांबांच्या डोक्यावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर हातभर लांबीच्या लाकडी चिपा. या चिपांना किलचण म्हणायचे. त्यावर निरगुडीचा नाहीतर तरवडाचा पाला, पाल्यावर साधी माती आणि सगळ्यात वर पांढरी माती चोपून बसवलेली. धूर जायला आणि उजेड यायला मधे एक साणं. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण, आणि घर मोजायचं ते खणांवर. सोयरीक जुळवायला आलेला माणूस रान किती एकर हे विचारून झालं की घर किती खणांचं, हे विचारायचाच.

भिंती सांगाड्याच्या बाहेरून. आतून एक दगडाचा थर, बाहेरून एक, मधे डबर आणि चिखल. दोन-तीन हात रुंद. त्या रुंदीतच देवळ्या, कोनाडे आणि धान्य साठवायची बळदं. उन्हाळ्यात अशा घरात दुपारी जी झोप लागायची ती पुढं कुठल्या पंख्याखाली लागली नाही, पण ते असो.

आमचं घर सहा खणांचं. पणजोबांनी बांधलं असं आम्ही पोरं म्हणायचो. आबा लगेच दुरुस्त करायचे. "बांधलं कशाचं, जोडलं म्हण." गोष्ट अशी होती की आमच्या मुलखात साग होत नाही. बाभूळ, लिंब, चिंच होते. त्यामुळं सागाची तुळई म्हणजे दागिन्यासारखी वस्तू. तालुक्याच्या गावी एका सावकाराच्या वारसांनी वाडा उतरवून लाकूड विकायला काढलं, तेव्हा पणजोबांनी त्यातलं सहा खणांचं लाकूड घेतलं आणि बैलगाड्यांनी गावात आणलं. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची गाडी १९११ साली आली. हे लाकूड त्याच्या आधीचं, असं आबा सांगायचे. कारण पणजोबांनी नंतर कधीतरी रेल्वे पाहून म्हटलं होतं म्हणे, "ही दोन वर्सं आधी आली आसती तर माझे बैल तरी वाचले आसते."

ते लाकूड सावकाराच्या वाड्यातही पहिल्यांदा लागलेलं नसावं. प्रत्येक जोडाजवळ सुतारानं छिन्नीनं रेघा मारलेल्या होत्या. एक रेघ, दोन रेघा, फुली. कुठला खांब कुठल्या तुळईखाली हे उतरवल्यावर कळावं म्हणून. आमच्या खांबांवर या खुणांचे दोन संच होते. एक उठून दिसणारा आणि त्याच्या खाली तेल-धुरानं बुजत आलेला दुसरा. जोड सगळे खाचेचे आणि खुंटीचे, लोखंडी खिळा अगदी कमी. खुंटी ठोकून काढली की तुळई मोकळी. सैपाकघरातल्या एका तुळईला बरोबर मधे चौकोनी भोक होतं. आमच्या घरात त्याचा काही उपयोग नव्हता. आधीच्या घरात तिथं काय बसायचं, हे आबांनाही ठाऊक नव्हतं. आजी त्यात काडेपेटी ठेवायची.

लाकडाचं जसं, तसंच बाकी जिनसांचं. परसदारच्या पायरीला झिजलेल्या जात्याची तळी होती, मधल्या भोकासकट. फुटकं उखळ कोंबड्यांच्या पाण्याला. पन्हाळ तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेलं. गोठ्याच्या दारावर कुठून तरी आलेला रेल्वेचा एक आखूड रूळ आडवा टाकलेला. गावात एका घराच्या जोत्यात वीरगळ बसवलेली होती. ढाल-तलवार घेतलेला कुणीतरी वीर, त्याच्यावर बसून म्हातारे तंबाखू मळायचे. इतिहासाच्या माणसांना हे पाहून हळहळ वाटते आणि ती वाटायलाच हवी. पण गावाच्या लेखी घडीव दगड हा घडीव दगड होता. तो घडवायला कुणाचे तरी हात झिजलेत, आता तो वाया घालवायचा नाही, एवढंच गणित.

सगळ्यात जास्त फिरायची ती माती. जुन्या कागदांत गावाचे दोन भाग येतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे रान, पांढरी म्हणजे वस्ती. वस्तीच्या जागेला पांढरी का म्हणायचं? कारण शेकडो वर्षं तिथं मातीची घरं उभी राहिली, विरली, पुन्हा त्याच जागी उभी राहिली. राख, शेण, भुसा, पडक्या भिंती हे सगळं मिसळून तिथली मातीच फिकट आणि बारीक झाली. गावाला गढी असेल तर ती या मातीचं कोठारच. तिचे बुरूज ढासळले की मृगाच्या आधी गाव टोपल्या घेऊन जायचं आणि आपापल्या माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा हात द्यायचं. ही माती चोपली की पाणी आत घेत नाही. गढी अशी दरसाल थोडी थोडी गावाच्या डोक्यावर चढत गेली.

जुनी भिंत उतरली की तिची माती उकिरड्यावर, उकिरड्यावरून रानात. पांढरीच्या मातीवर जोंधळा चांगला येतो, हे कुणी शिकवायला लागत नव्हतं. या सवयीनं पुरातत्त्ववाल्यांचं काम बिघडवलंही आणि घडवलंही. आमच्या जिल्ह्यात तेर आहे, म्हणजे रोमपर्यंत व्यापार करणारं जुनं तगर. तिथल्या पांढरीच्या टेकाडांतून माती काढताना मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर यायच्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू जमवल्या आणि त्यातून तिथलं संग्रहालय उभं राहिलं. तेरच्या जुन्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात. शाळेच्या सहलीला गेलो की मास्तर तो प्रकार दाखवायचे. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी धान्याचा तूस विटेत कालवला होता. टाकाऊ तुसाची वीट.

आता जे सांगायचं आहे ते या गोडव्याच्या उलट आहे.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं हलली. ८ हजारांच्या आसपास माणसं गेली. आमचं गाव तिथून लांब. आमच्याकडं भिंती फुगल्या, गोठ्याची एक बाजू बसली, माणूस दगावला नाही. पण किल्लारीच्या बाजूला मदतीला गेलेले लोक परत आले ते दोन-दोन दिवस बोलत नव्हते. नंतर बोलले तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं. दगड आणि माती. माणसं त्याखाली गुदमरली.

दरवर्षी माळवदावर नवी माती चढायची, जुनी कुणी काढत नव्हतं. पणजोबांच्या वेळी वीतभर असलेला थर नातवाच्या वेळी दीड-दोन फूट झालेला. साधा हिशोब करून पाहावा. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीवर दोन फूट माती म्हणजे २०० घनफूट. घनफुटाला ४५ किलो धरले तरी ९ टन. नऊ टन डोक्यावर घेऊन लेकरंबाळं झोपत होती. भिंतीतले दगडही पुन्हा पुन्हा वापरलेले, बरेचसे गोल गोटे. आतला थर आणि बाहेरचा थर बांधून धरणारा लांब आडवा दगड क्वचितच. चिखल सुकून भुसभुशीत झालेला. हादरा बसला की दोन थर दोन बाजूंना सुटले आणि मधलं डबर खाली आलं. वाया काही घालवायचं नाही या सवयीनंच हे ओझं वर साठवून ठेवलं होतं.

कितीतरी पडक्या घरांत एक गोष्ट मात्र पाहायला मिळाली. भिंती कोसळल्या, पण खांब आणि तुळयांचा सांगाडा तसाच उभा. खाच आणि खुंटीचे जोड हलले, करकरले, पण निसटले नाहीत. अभियंत्यांनी मग गावोगाव सांगितलं की वरची माती कमी करा, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपे टेकू मारा, भिंतीत आरपार जाणारे दगड घाला. ऐकणारे थोडे. लोक माळवदालाच भ्यायले होते. ५२ गावं नव्या जागी वसली ती सिमेंटची, आणि ज्यांची घरं उभी होती त्यांनाही आता सिमेंटच पाहिजे होतं. पुढची दोन-तीन वर्षं आमच्या भागात जितकी माळवदं उतरली, तितकी आधीच्या पन्नास वर्षांत उतरली नसतील. आणि एकाच वेळी इतकं लाकूड खाली आल्यावर त्याला भाव कसला? शहराकडचे लाकूडवाले ट्रक घेऊन फिरायला लागले. नक्षीची चौकट असली तर तिला जरा बरे पैसे. बाकी खांब-तुळया जवळजवळ जळणाच्या हिशोबानं उचलल्या.

आमचं माळवद १९९४ च्या उन्हाळ्यात उतरलं. घराबरोबर वाटणीही आली. आबांना तीन मुलगे. थोरले माझे वडील, धाकटे काका पुण्याला नोकरीला, आणि मधले काका तोपर्यंत वारलेले. मधली काकू दोन लेकरं घेऊन त्याच घरात राहत होती. जागा तिघांत वाटायची यावर वाद नव्हता. वाद झाला तो लाकडावर. धाकट्या काकांचं म्हणणं, सगळं लाकूड एकदम ट्रकवाल्याला देऊ, पैसे तीन ठिकाणी वाटू. वडिलांनाही ते सोयीचं वाटत होतं, स्लॅबला पैसा लागणार होता. आबा नुसते खांबाला टेकून बसलेले.

सासऱ्यासमोर आणि जेठासमोर काकू कधी बोलली नव्हती. त्या दिवशीही समोर आली नाही. सैपाकघराच्या दारात उभी राहून आजीला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आत्याबाई, मामंजींना म्हणावं, माझ्या वाटणीला लाकूड द्या. पैसा दिला तर हायब्रीड पेरायला न् पोरांच्या वह्यांना जाईल. तुळई कुठं जात न्हाई."

धाकटे काका म्हणाले, "वहिनी, त्या लाकडाचं करायचं काय? माळवद तर कुणी बांधीना."

"करीन काय ते," आतून उत्तर आलं.

आबांनी त्यावर एवढंच म्हटलं की सहा खण आहेत, तिघांना दोन-दोन. ज्याला विकायचे त्यानं विकावेत. मग ते उठून बाहेर गेले. भोकाची तुळई काकूच्या वाटणीत यावी असं आजीनं मागून घेतलं. दोन भावांचे चार खण ट्रकमध्ये चढले. मी कॉलेजला होतो, सुट्टीत आलेलो. तुळया भरू लागायला मीही होतो. एक तुळई उचलायला सहा माणसं लागली. रोजचं जे छत डोक्यावर नुसतं असतं त्याचं वजन मला त्या दिवशी खांद्यावर कळलं.

उतरवायचं काम आठ दिवस चाललं. वरची पांढरी माती आधी टोपल्यांनी खाली आली. ती कुणालाही माळवदासाठी नको होती, सगळी रानात गेली. किलचण वर्षभर पाणी तापवायला पुरली. भिंतीचे घडीव दगड वडिलांच्या स्लॅबच्या जोत्याला, गोटे रानातल्या बांधाला. बळद फोडलं तेव्हा तळाशी कुठल्या तरी साली राहिलेली ओंजळभर ज्वारी निघाली, किडून नुसती टरफलं उरलेली. आजीनं ती पाखरांना टाकली. उंबरा वडिलांनी विकला नाही. पण नव्या घराला लोखंडी चौकट बसली, त्याला उंबऱ्याची गरजच नव्हती. मग तो कितीतरी वर्षं चिंचेखाली बसायला होता.

काकूनं बांधलेलं घर मी आजवर पाहिलेल्या दुरुस्तीच्या कामांत सगळ्यात शहाणं आहे, असं माझं मत आहे. अभियंते येऊन गावात जे बोलून गेले ते तिनं ऐकलं होतं. देवळासमोर पाटीवर चित्रं काढून दाखवलेली, तीही पाहिली होती. दोन खणांचा सांगाडा तिनं सुताराकडून खुणा जुळवून जसाच्या तसा उभा करून घेतला. तुटक्या कड्यांचे तिरपे टेकू कापून प्रत्येक खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात मारले. भिंत खिडकीच्या खालपर्यंत दगडाची, दर थोड्या अंतरावर आरपार लांब दगड घालून. त्याच्या वर पातळ विटांची. डोक्यावर माती अजिबात नाही, पत्रा. पत्रा तापतो म्हणून त्याच्या खाली जुन्याच फळ्यांचं पाटण. ओतकामासाठी एक पोतं सिमेंट लागलं असेल नसेल. गावानं नावं ठेवली. सगळ्यांची पक्की घरं होताना ही बाई भंगारात राहते म्हणाले. काकूचा पोरगा शाळेत त्यावरून दोनदा मारामारी करून आला.

वडिलांचा स्लॅब १९९५ साली पडला. "पडला" हाही आमच्याकडचाच शब्द, स्लॅब पडला म्हणजे तो ओतून झाला. तेव्हा हे घर सात पिढ्या हलणार नाही असं सगळे म्हणाले. पंचवीस वर्षांत त्यातून सळ्या दिसायला लागल्या. पाणी खारं, वाळू ओढ्यातली मातीमिश्रित, पाणी मारायला टँकरची वाट बघायची. असा स्लॅब किती टिकणार? सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येते. २०२२ साली तो काढायची वेळ आली.

तेव्हा फरक दिसला. हे घर उतरवता येईना. ते फोडावंच लागलं. तीन दिवस ब्रेकर चालला, शेजारच्या घरांची भांडी फळीवरून पडली. सिमेंट एकदा धरलं की धरलं. वीट काढायला जावं तर वीट फुटते, जोड सुटत नाही. जोत्याचे घडीव दगड माझ्या ओळखीचे होते, पणजोबांच्या भिंतीतले. ते शंभर वर्षं चिखलात बसले होते आणि हातानं निघाले होते. आता सिमेंटनं त्यांना असं पकडलं होतं की निम्मे काढतानाच तुटले. सळ्या मात्र मजुरांनी एकेक करून ओढून काढल्या, हातोड्यानं सरळ केल्या, भंगारवाला वजनावर घेऊन गेला. दारं, खिडक्यांचे गज, फरशीचे काही शाबूत तुकडे गोठ्याला लागले. उरलेला ढीग सात ट्रॉल्या भरला. रानात टाकावा तर रान खराब होतं. शेवटी गावच्या रस्त्याकडेच्या खड्ड्यात. बांधकामाच्या आणि पाडकामाच्या कचऱ्याचं काय करायचं याचे वेगळे नियम केंद्र सरकारनं २०१६ साली काढले. मोठ्या शहरांत तो ढीग दळून त्याची खडी, वाळू, फरसबंदीचे ठोकळे करायचे कारखानेही निघाले. तालुक्याच्या गावात असलं काही नाही, आणि खेड्याचा तर प्रश्नच नाही. काळी आणि पांढरी या दोन्हींत न बसणारी ही तिसरीच माती आहे.

याचा अर्थ सगळ्यांनी पुन्हा माळवदं बांधावीत असा कुणी काढू नये. किल्लारीनंतर तसं म्हणायची माझी छाती नाही. पण नवीन घर बांधताना गवंड्याला एक प्रश्न मी आता विचारायला लागलो आहे, की हे पुढं काढायचं झालं तर कसं निघेल? बहुतेक गवंडी हसतात. एका म्हाताऱ्या गवंड्यानं मात्र विटेला चुन्याचा माल वापरायचं सुचवलं. चुन्यात वीट धरते, पण सोडवता येते, पुसून पुन्हा लावता येते. त्याच्या वडिलांच्या काळची घाणी त्यानं पाहिली होती. बैल गोल फिरतोय आणि चरातलं दगडी चाक चुना मळतंय. चुना मळायला आता बैल कुठून आणायचा, हेही तोच म्हणाला.

काकू आता पंच्याहत्तरीच्या पुढं आहे. पोरगा बरं कमावतो. जागा अपुरी पडते म्हणून तिच्या दोन खणांच्या जागीही स्लॅब पडायचा आहे. गेल्या उन्हाळ्यात सांगाडा उतरवला. सुतार नव्या पिढीचा, त्याला छिन्नीच्या खुणा वाचता येईनात. काकू खाटेवर बसून कुठली खुंटी आधी ठोकायची ते सांगत होती. एका दिवसात दोन्ही खण खाली आले, एकही खांब चिरला नाही. लाकूड विटांवर रचून ठेवलं आहे, वाळवी लागू नये म्हणून. जळकं तेल चोपडलं आहे आणि वर ताडपत्री. पुण्याचा एक माणूस हॉटेलसाठी खांब मागून गेला, भाव चांगला सांगत होता. पोरगा द्यायला तयार आहे. काकू म्हणते, रानात पत्र्याचा गोठा करायचाय, दोन खण बरोबर बसतात. तिनं सुताराला माप घ्यायलाही लावलं आहे. अजून दोघांचं ठरलेलं नाही.